जालन्याची पेठ आणि कोरडा हिवाळा

व्यापारी वास्तूंचा इतिहास बहुधा त्यांच्या दर्शनी भागावरून लिहिला जातो. कमानी, खांब आणि नक्षीची दारे यांची नोंद होते. परंतु छपराची माती, पन्हळीची सफाई, ओट्याचा गिलावा आणि पटांगणातील मुरूम या दरसालच्या कामांना इतिहासात क्वचितच स्थान मिळते. वास्तविक एखाद्या पेठेने आपल्या हवामानाविषयी कोणते गृहीत धरले होते, हे तिच्या डागडुजीच्या वेळापत्रकावरून जितके स्पष्ट कळते तितके तिच्या बांधणीवरूनही कळत नाही. जालन्याच्या बाबतीत हे गृहीत एका वाक्यात सांगता येते : हिवाळा कोरडा असतो. गेल्या काही वर्षांत ते डळमळीत झाले असल्यामुळे त्याच्या इतिहासाची तपासणी आवश्यक ठरते.

१

प्रथम भाषेचा पुरावा पाहू. मराठी शेतकऱ्याचा पाऊस नक्षत्रांनी मोजला जातो. मृगापासून ही गणना सुरू होते आणि आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे करीत हस्त, चित्रा व स्वाती येथे संपते. सूर्य स्वाती नक्षत्रात साधारणपणे २४ ऑक्टोबरच्या सुमारास प्रवेश करतो व नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते सोडतो. त्यानंतर पडणाऱ्या पावसाला नक्षत्राचे नाव मिळत नाही. त्याला ‘अवकाळी’ किंवा ‘अवेळी’ म्हणतात. म्हणजे जे तो नाही त्यावरून त्याची ओळख होते. उन्हाळ्यातील अवचित सरीलाही ‘वळीव’ हे स्वतंत्र नाव आहे. हिवाळी पाऊस मात्र नकारार्थी उपसर्गावरच भागवतो. केवळ शब्दावरून समाजाचे वर्तन सिद्ध होत नाही हे खरे. परंतु येथे शब्दाला वास्तूंची साक्ष मिळते.

२

जालन्याची जुनी वस्ती कुंडलिका नदीच्या दोन तीरांवरील जालना व कादराबाद या दोन भागांची. मोगलकाळात ही पेठ इतकी संपन्न होती की शिवाजी महाराजांनी १६७९ च्या नोव्हेंबरात तिच्यावर स्वारी केली. स्वारीचा महिना ध्यानात घेण्याजोगा आहे. दसऱ्यानंतर नद्या उतरत, वाटा वाळत आणि मग फौजा व व्यापारी तांडे दोन्ही बाहेर पडत. कोरडा हिवाळा हा मोहिमेचा आणि व्यापाराचा समाईक हंगाम होता.

अशा पेठेतील दुकानाचे छप्पर म्हणजे माळवद. लाकडी तुळयांवर बारीक लाकडे, त्यांवर पाला व चिखल, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. मराठीत शेतजमीन ती ‘काळी’ आणि गावठाण ती ‘पांढरी’. जुन्या वस्तीच्या जागची हीच पांढरी माळवदावर चढते. ही माती ओली झाली की फुगून घट्ट होते व पाणी अडवते. वाळली की तिला बारीक तडे जातात. त्यामुळे पावसाळ्याच्या आरंभी एकदोन सरी गळून माळवद पुढे स्थिरावते. परंतु महिनोन्‌महिने वाळलेल्या माळवदावर हिवाळ्यात अचानक जोराची सर आली, तर माती फुगण्यापूर्वीच पाणी तड्यांतून आत उतरते. आकाराने लहान असलेला हा पाऊस म्हणूनच अधिक उपद्रवी ठरतो.

डागडुजीचे हंगाम दोनच होते. वैशाखात माळवदावर नवी माती घालणे, तडे लिंपणे व पन्हळी मोकळ्या करणे ही पावसाळ्याची बेगमी. दुसरा हंगाम दिवाळीपूर्वीचा : पावसाने उडालेला गिलावा भरणे, चुन्याची सफेदी करणे, ओटा सारवणे. त्यानंतर वहीपूजन होऊन नवे व्यापारी वर्ष सुरू होई. दिवाळी ते वैशाख या अवधीत छपरावर चढण्याचे प्रयोजन उरत नसे. पन्हळीत पाला साचे, उंदीर-घुशी बिळे करीत. पण सगळे लक्ष खरेदी-विक्रीकडे असे.

३

१९०० साली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे जालन्यास पोहोचली आणि पेठेचे रूप पालटले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरात एकट्या जालना गावी सरकी काढण्याचे ९ कारखाने व रुईच्या गठाणी बांधणारे ५ प्रेस नोंदले आहेत. माळवदाच्या जागी पत्रे आले. पत्रा गळत नाही, परंतु तो पाणी शोषूनही घेत नाही. सगळे पाणी एकदम भिंतीच्या पायथ्याशी टाकतो. तेथे काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भिंतीला व जोत्याला तडे देते. गळती छपरावरून पायाकडे सरकली, इतकाच काय तो फरक.

याहून महत्त्वाचा बदल पटांगणाचा. कापसाची वेचणी व आवक मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळातली. गाड्या रित्या करून कापसाच्या गंज्या उघड्यावर रचणे स्वस्त होते, कारण आकाशावर विश्वास होता. भिजलेला कापूस गंजीत तापतो, रुई पिवळी पडते व सरकीला मोड येतात. आजच्या सरकारी खरेदीतही ८ टक्के ओलावा प्रमाण मानून १२ टक्क्यांपलीकडचा कापूस नाकारला जातो. म्हणजे कारखान्याचे उघडे पटांगण ही कोरड्या हिवाळ्याने दिलेली बिनभाड्याची वखारच होती.

४

बाजारावर कायद्याचे नियंत्रण आले तेव्हाही हे गृहीत कायम राहिले. शेजारच्या वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. त्याच धर्तीवर हैदराबाद संस्थानाने १९३० साली आपला कायदा केला. पुढे १९६३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने बाजारांची व्यवस्था समित्यांकडे सोपविली. या कायद्यांचा रोख वजनमापे, दलाली आणि लिलाव यांतील गैरव्यवहार रोखण्याकडे होता, आणि तो योग्यच होता. परंतु पावसापासून मालाचे रक्षण हा त्यांचा मध्यवर्ती विषय नव्हता.

मराठवाड्यात अशा बाजाराला ‘मोंढा’ म्हणतात. त्याची रचना तीन शब्दांत सांगता येते : ओटा, छपरी आणि पटांगण. ओटा आडत्याचा, म्हणून त्याची निगा आडत्या राखतो. छपरी दुकानाला जोडलेली, तीही बहुतांशी त्याच्याच देखरेखीखाली. पटांगण सर्वांचे, म्हणून त्याचा उतार, मुरूम आणि गटारे ही समाईक जबाबदारी. आणि समाईक जबाबदारी पावसाळा संपला की विसरली जाते. प्रश्न असा की पटांगणात पडलेला माल कोणाचा? लिलाव होऊन मापे पुरी होईतो तो शेतकऱ्याचा. तेव्हा हिवाळी सर जेथे पडते तेथे डागडुजीचा धनी कोणी नसतो, आणि नुकसानीचा धनी मात्र ठरलेला असतो.

५

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील मराठवाड्याची गारपीट, ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना जिल्ह्यात झालेली गारपीट आणि नोव्हेंबर २०२३ च्या अखेरचा अवकाळी पाऊस या घटना एका दशकातल्या आहेत. हिवाळी पाऊस पूर्वी नव्हताच असे नाही, आणि तो दरसाल चढत्या प्रमाणात पडतो असेही नव्हे. उत्तरेकडील पश्चिमी झंझावात आणि दोन्ही समुद्रांवरून येणारे बाष्प यांची गाठ पडली की तो नेहमीच पडत आला. मात्र हवा एक अंश सेल्सिअसने तापली तर ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते; त्यामुळे पडेल ती सर अधिक जोराची होण्याचा संभव वाढतो. त्यातच नोव्हेंबरात कापूस व सोयाबीन आणि जानेवारीपासून तूर मोंढ्यात येते. पाऊस आणि आवक यांची गाठ पडण्याची शक्यता अशी दोन्ही बाजूंनी वाढलेली आहे.

या वेळी जी वस्तू हाताशी येते तिला ताडपत्री म्हणतात. नावात ताडाचे पान, पूर्वी डांबर लावलेले जाड कापड आणि आता प्लास्टिक असा तिचा प्रवास आहे. परंतु ताडपत्री ढिगाला वरून झाकते. मुरूम वाहून गेलेल्या पटांगणात पाणी खालून शिरते. उपाय ढिगावर नसून ढिगाखाली आहे. उताराची पक्की फरशी, मोकळी गटारे, पत्र्याखाली पाणी दूर नेणारी पन्हळ आणि वाढविलेली छपरी, ही कामे काही नवी नाहीत. त्यांचा महिना तेवढा नवा आहे.

तात्पर्य, जालन्याच्या पेठेने वैशाख आणि दिवाळी असे डागडुजीचे दोन हंगाम मानले व त्यांमधील अवधी आकाशाच्या भरवशावर सोडला. पेठेच्या दृष्टीने हा निष्काळजीपणा नव्हता. शतकांच्या अनुभवाने शिकविलेली ती काटकसर होती. आता त्या काटकसरीची किंमत ज्याच्या हाती ओटाही नाही आणि छपरीही नाही तो देतो. मार्गशीर्ष-पौषात पन्हळ व पटांगण तपासण्याचा तिसरा हंगाम रूढ झाला, तर या पावसाला भाषेत नाव मिळो वा न मिळो, त्याची तजवीज झालेली असेल. आणि ती तजवीज कोणी करावयाची हे कायद्याने आणि रूढीने निश्चित केल्यावाचून मोंढ्याचा हिशेब पुरा होणार नाही.