काचेची गोटी आणि तिचे वय



मुलगा अभ्यासात मागे पडला, की 'गोट्या खेळत होतास काय?' असे त्याला विचारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. गोटी म्हणजे निरुद्योगाची खूण, असा आपला समज. म्हणूनच की काय, ह्या एवढ्याशा वस्तूलाही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या ध्यानात ते आले ते दिल्लीत, आणि तेही थोडेसे फसल्यानंतर.

जुन्या दिल्लीत जामा मशिदीच्या आसपास रविवारी जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरतो. तेथे एका विक्रेत्याने फडक्यावर काचेच्या गोट्या मांडल्या होत्या. 'राणीच्या राज्यातल्या विलायती गोट्या आहेत, साहेब', असे त्याने सांगितले आणि मी हौसेने दहा-बारा विकत घेतल्या. घरी आल्यावर एक गोटी उजेडात धरून पाहिली. पारदर्शक काचेच्या पोटात रंगीत काचेच्या पातळ पाकळ्या. मांजराच्या डोळ्यासारखा त्यांचा आकार. ह्या जातीच्या गोट्या जपानी कारखान्यांनी १९५०च्या सुमारास व त्यानंतर जगभर पसरविल्या. व्हिक्टोरिया राणी तर १९०१ साली निवर्तली! विक्रेता लबाड होता असे मी म्हणणार नाही; कदाचित त्यालाही कोणी तसेच सांगितले असेल. परंतु गोटी मात्र खोटे बोलत नव्हती. तिची भाषा मला येत नव्हती, एवढेच.

ती भाषा फारशी कठीण नाही. यंत्रापूर्वी काचेची गोटी हाताने होत असे. जर्मनीतील लाउशा ह्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काच कापून गोल करण्याची एक खास कात्री निघाली. कारागीर रंगीत काचेची लांब कांडी तापवी, त्या कात्रीच्या वाटीत तिचे टोक फिरवून गोल करी आणि मग ते कापून अलग करी. जेथे काच तुटली, तेथे खडबडीत व्रण राही. पुष्कळदा तो घासून सपाट केलेला असे. हा व्रण हीच हातगोटीची नाळ. ती बोटाला लागली, की गोटी यंत्राची नव्हे असे बहुधा समजावे.

अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन येथे मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सन ह्या गृहस्थाने काचेचे गोळे वळणाऱ्या यंत्राचे पेटंट १९०५ साली मिळविले. पोलादी गोळ्या घडविण्याचा त्याला आधीचा अनुभव होता. खाच असलेल्या फिरत्या चाकांमध्ये तापलेल्या काचेचा गोळा घरंगळत राही आणि थंड होता होता चोहोंकडून सारखा गोल होई. मात्र प्रारंभी भट्टीतून काच काढण्याचे काम माणूसच करी. लोखंडी सळईवर काच घेताना तिला जो पीळ बसे, तो त्या काळच्या गोट्यांवर इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा उमटलेला दिसतो. पुढे काच आपोआप पडू लागली, कात्रीही आपोआप चालू लागली. मग पीळ बदलले आणि कात्रीच्या कापाच्या बारीक रेघा तेवढ्या उरल्या.

ह्या इतिहासात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. 'ॲक्रो ॲगेट' ही प्रसिद्ध कंपनी १९१४ साली ॲक्रन सोडून वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथे गेली, कारण तेथे नैसर्गिक वायू स्वस्त होता. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, जर्मन माल अमेरिकेत येईनासा झाला आणि यंत्राच्या गोटीला रान मोकळे मिळाले. मुलांच्या मुठीतील खेळणेसुद्धा इंधन आणि राजकारण ह्यांनी घडविलेले असते, ते असे.

आता आपल्या घराकडे वळू. दिल्लीत गोटीला 'कंचा' म्हणतात आणि पंजाबीत 'बंटा'. परंतु दिल्लीकराला बंटा म्हटले, की आठवतो तो लिंबू पिळलेला सोडा. आपल्याकडील गोटी सोडाच तो. हायरम कॉड ह्या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली ह्या बाटलीचे पेटंट घेतले. बाटलीच्या गळ्यात रबराचे कडे आणि आत एक गोटी. बाटली उलटी धरून भरली, की वायूच्या दाबाने गोटी कड्याला घट्ट चिकटून बसते. वरून लाकडी खुंटीने दाबली, की 'टप्' असा आवाज होऊन ती खाली गळ्याच्या चिमट्यात अडकते. इंग्लंडातील पोरे ह्या गोटीसाठी बाटल्या फोडीत, आणि आपलीही काही मागे नव्हती. अशी गोटी ओळखणे सोपे आहे. ती साधी, बिनरंगी किंवा किंचित हिरवट असते. पोटात पाकळी नाही, अंगावर पीळ नाही. जिला संग्राहक बाजूला टाकतो, तीच खरी आपल्या रस्त्यांवरची गोटी.

मराठी माणसाचाही ह्या काचेशी संबंध आहे. अंताजी दामोदर काळे ह्यांनी घरोघरी पैसा पैसा मागून फंड उभारला; लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले; आणि १९०८ साली तळेगावास पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. त्याची धुरा वाहणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तरेतील. पुढे त्यांनी आपल्या प्रांतात बहजोई येथे काचेचा कारखाना काढला. तळेगावात शिकलेले हात देशभर गेले. आग्र्याजवळचे फिरोजाबाद आज बांगड्यांसाठी आणि काचेसाठी प्रसिद्ध आहे. ताजमहालाच्या रक्षणार्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्या टापूतील कोळशाच्या वापराविरुद्ध निर्णय दिल्यावर तेथील भट्ट्याही नैसर्गिक वायूकडे वळल्या. क्लार्क्सबर्गची कथा यमुनेकाठी अशी फिरून आली.

मग संग्रह करावयाचा तो कसा? गोटी घासून चकचकीत करू नये. तिच्या अंगावरचे ओरखडे व टवके हीच तिची जन्मपत्रिका, घासली की ती पुसली जाते. व्यास मोजावा, उजेडात पाहावी, व्रण आणि पीळ तपासावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती कोठे मिळाली, तिने कोण खेळले, त्या खेळाला आणि त्या गलीला तेथे काय म्हणत, हे एका चिठ्ठीवर लिहून गोटीबरोबर ठेवावे.

ह्या चिठ्ठीचे मोल मला कळले ते नव्या दिल्लीत जनपथावर, राष्ट्रीय संग्रहालयात. हडप्पा व मोहेंजोदडो येथील उत्खननांत दगडाचे आणि भाजक्या मातीचे लहान लहान गोळे सापडले आहेत. कोणी त्यांना खेळणी म्हटले, कोणी गोफणीचे गोळे. साडेचार हजार वर्षांपूर्वी एखाद्या पोराने तसाच एक गोळा नेम धरून टोलविला असेल. पण त्याच्यासाठी साक्ष देणारे कोणी उरले नाही. आपल्या गोट्यांचे तसे होऊ नये. त्या खेळलेली माणसे अजून आपल्या घरात आहेत. आज घरी जाऊन एखाद्या आजोबांना विचारा, 'तुम्ही गोट्या खेळत होता काय?' ह्या वेळी तो प्रश्न रागाचा नसेल. आणि उत्तर मात्र लिहून ठेवा.