दोघांचा फार्स, एकट्याचा शेवट

फार्स म्हणजे नुसता धुडगूस, असं मी बरीच वर्षं समजत होते. फ्रान्झ अर्नोल्ड आणि अर्न्स्ट बाख या जर्मन जोडगोळीने तो समज मोडला.

दोघेही मुळात नट. बर्लिनमध्ये गाठ पडली आणि एकत्र लिहायला लागले. १९१३ साली त्यांचं 'स्पॅनिश माशी' आलं. नायक मोहरीच्या सॉसचा कारखानदार, गावातलं बडं प्रस्थ. तरुणपणी 'स्पॅनिश माशी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या नर्तकीच्या नादी लागलेला. तिच्या मुलासाठी हा वर्षानुवर्षं गुपचूप पैसे भरतोय. बायको कोण? तर नीतिरक्षणाचा झेंडा घेतलेली! आणि गंमत म्हणजे, त्याच्या ओळखीतले इतर सभ्य गृहस्थही त्याच मुलासाठी पैसे भरतायत. प्रत्येकाला वाटतं, बाप मीच!

हसता हसता लक्षात येतं, की यात खलनायक असा कुणीच नाही. सगळी धावपळ 'लोक काय म्हणतील' या एका भीतीपोटी. पडदा पडेपर्यंत तीही निस्तरते.

लेखकांचं मात्र तसं झालं नाही. १९२९ मध्ये बाख गेला. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असलेल्या अर्नोल्डला लंडन गाठावं लागलं. १९६० मध्ये तो तिथेच वारला.

२०११ साली बर्लिनच्या फोल्क्सब्यूने नाट्यगृहात हेर्बर्ट फ्रिट्शने ही 'माशी' पुन्हा उडवली. ज्या देशात लेखकाला जागा उरली नव्हती, तिथे त्याचा विनोद परत आला.

उशीर झाला खरा, पण आला.