टिम्फी पर्वत

टिम्फी : वायव्य ग्रीसच्या ईपिरस प्रदेशातील चुनखडकाचा पर्वत. पिंडस पर्वतरांगेचा हा भाग योआनिना शहराच्या उत्तरेस असून गामिला (२,४९७ मी.) हे त्याचे सर्वोच्च शिखर आहे. उत्तरेच्या उभ्या कड्यांखालून आओस नदी वाहते. ती पुढे अल्बेनियात शिरून एड्रिअॅटिक समुद्रास मिळते. दक्षिणेकडे व पश्चिमेकडे झागोरी हा गावांचा मुलूख पसरला आहे.

टिम्फीवर पाऊस आणि बर्फ दोन्ही भरपूर, तरी माथ्यावर पाणी ठरत नाही. खडकातील भेगांतून ते मुरते. काही विवरे तर सरळ खाली सुमारे ४०० मी. खोल गेली आहेत. ड्राकोलिम्नी हे सुमारे २,०५० मी. उंचीवरील लहानसे तळे म्हणूनच नवलाचे वाटते. मुरलेले पाणी विकोस दरीच्या तळाशी झऱ्यांतून थंडगार व नितळ बाहेर पडते आणि तेथून वोइदोमातिस नदी भरून वाहू लागते. दरीचे कडे काही ठिकाणी सुमारे ९०० मी. उंच आहेत. विकोस-आओस राष्ट्रीय उद्यान १९७३ मध्ये स्थापन झाले.

झागोरीची गावे परंपरेने ४६ मानतात : पापिंगो, मोनोदेंद्री, वित्सा, कीपी, त्सेपेलोवो इत्यादी. घरांच्या भिंती दगडी आणि छपरेही दगडी फरशांचीच. चौकात चर्च आणि जुना चिनार. ऑटोमन काळात या गावांना बरीच स्वायत्तता होती. पुरुष व्यापारासाठी कॉन्स्टँटिनोपल, रुमेनियापर्यंत जात आणि कमाईतून गावाकडे शाळा व पूल बांधवीत. कोक्कोरिस पूल (१७५०) एकाच कमानीवर ओढा ओलांडतो. कीपीजवळच्या तीन कमानींच्या पुलाची पाठ लाटेसारखी वरखाली होते. व्रादेतो या सर्वांत उंच गावाला मोटाररस्ता होण्यापूर्वी कड्यावर नागमोडी रचलेली फरसबंद पायवाटच होती. तिच्या पायऱ्या लादलेल्या खेचरांना झेपतील अशा ठेंगण्या व रुंद आहेत.

गावांच्या वरच्या अंगाची काही राने पवित्र मानली जात. तेथे झाड तोडणाऱ्यास धर्मबहिष्काराची धमकी असे. दरडी आणि हिमलोट याच झाडांमुळे अडत, त्यामुळे या धाकामागे उताराची पक्की जाण होती. विसाव्या शतकात स्थलांतराने गावे ओस पडत गेली. हिवाळ्यात कित्येक घरे बंदच असतात. २०२३ मध्ये झागोरीचा सांस्कृतिक भूप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.