विधी विषयातील पीएच.डी. संशोधनाचा आरंभ

विधी विषयातील पीएच.डी. संशोधनाचा आरंभ म्हणजे विद्यापीठात प्रवेश मिळाल्यापासून संशोधन आराखडा मंजूर होईपर्यंतचा टप्पा होय. या काळात संशोधक मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली विषयाची व्याप्ती, संशोधन प्रश्न आणि अभ्यासपद्धती निश्चित करतो. भारतात ही प्रक्रिया विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांच्या चौकटीत चालते. तपशील संबंधित विद्यापीठाच्या नियमांनुसार ठरतात.

पात्रता आणि कालावधी

प्रवेशासाठी सामान्यतः एलएल.एम. पदवी किमान ५५ टक्के गुणांसह आवश्यक असते. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग इत्यादी प्रवर्गांना ५ टक्के गुणांची सवलत मिळते. अभ्यासक्रमाचा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे असून महिला संशोधकांना दोन वर्षांपर्यंत अधिक मुदत देता येते. आरंभीच किमान १२ श्रेयांकांचे अभ्यासवर्ग पूर्ण करावे लागतात. त्यांत संशोधनपद्धती आणि प्रकाशनविषयक नीतिमत्ता यांचा समावेश असतो.

मार्गदर्शक

प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार संशोधकांना मार्गदर्शन करता येते. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकास नवे संशोधक स्वीकारता येत नाहीत. त्यामुळे मार्गदर्शकाची निवड करताना त्याच्या विशेष अभ्यासविषयाबरोबर रिक्त जागांचाही विचार करावा लागतो. संशोधन सल्लागार समिती दर सत्रात प्रगतीचा आढावा घेते. मार्गदर्शक विषयाच्या मर्यादा दाखवून देतो व मांडणीतील उणिवांवर बोट ठेवतो. मात्र प्रबंधातील प्रतिपादनाची जबाबदारी संशोधकाचीच असते.

विषयाकडून प्रश्नाकडे

या टप्प्यातील सर्वांत कठीण काम म्हणजे विस्तृत विषयातून उत्तर शोधता येईल असा प्रश्न काढणे. उदाहरणार्थ, ‘माहितीचा अधिकार’ हा केवळ विषय झाला. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८ वैयक्तिक माहिती उघड करण्यास अपवाद करते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. या निर्णयानंतर लोकसेवकांविषयीची माहिती देताना एखाद्या राज्याच्या माहिती आयोगाने सार्वजनिक हित आणि खासगीपणा यांचा तोल कसा साधला, हा संशोधन प्रश्न ठरतो. त्याला काळ, प्रदेश आणि तपासण्याजोगी साधने यांची मर्यादा आहे.

संशोधन चालू असताना कायदाही बदलू शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमाने वरील अपवादाच्या शब्दरचनेतच बदल केला. म्हणून कोणत्या तारखेपर्यंतचा कायदा विचारात घेतला आहे, हे आराखड्यातच नमूद करणे उपयुक्त ठरते.

अभ्यासपद्धती

विधी संशोधनाच्या दोन प्रमुख पद्धती मानल्या जातात. सैद्धांतिक पद्धतीत अधिनियम, न्यायनिर्णय, संविधान सभेतील चर्चा आणि भाष्यग्रंथ यांचे विश्लेषण केले जाते. अनुभवाधिष्ठित पद्धतीत मुलाखती, प्रश्नावली किंवा न्यायालयीन अभिलेख यांच्या आधारे कायद्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी तपासली जाते. पद्धत प्रश्नावरून ठरते. कायद्याचा अर्थ शोधायचा असेल तर केवळ प्रश्नावली पुरत नाही, आणि कायद्याचा परिणाम केवळ निवाडे वाचून कळत नाही.

साधने आणि वाङ्मयचौर्य

पूर्वीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर, तर सर्वोच्च न्यायालयाचे प्रकाशित निर्णय २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर विनामूल्य पाहता येतात. आपल्या विषयावर आधी काय लिहिले गेले आहे, हे आराखड्यापूर्वी तपासल्यास पुनरावृत्ती टळते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. साम्य ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. साम्य मोजताना कायद्यांचा मजकूर वगळला जातो. न्यायनिर्णयांतील उतारे मात्र अवतरणचिन्हांत आणि स्रोताच्या निर्देशासह देणे आवश्यक असते. त्यामुळे टिपणे काढतानाच खटल्याचे नाव, वर्ष आणि परिच्छेद क्रमांक नोंदवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी लागते.