बैठकीची चिठ्ठी

आमच्या अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एक चांदूर रेल्वे, दुसरं चांदूर बाजार. एकाच्या नावाला स्टेशन चिकटलं, दुसऱ्याच्या नावाला बाजार. नवखा सोयरा चुकीच्या चांदुरात उतरून फोन करतो, हा आमच्याकडे लग्नसराईतला जुनाच विनोद. नरखेड-अमरावती मार्ग झाल्यापासून आमच्याही गावाला, चांदूर बाजारला, स्टेशन आहे, पण नाव तेच राहिलं आणि ते बरंच झालं. गावाचा कारभार कशावर चालत आला, ते या नावातच लिहिलेलं आहे.

माझी माय बाजारात सांबार-मिरच्या घेऊन बसायची. ऊन चढायच्या आत बसायच्या जागेचा पैसा वसूल करणारा बैठकीवाला हजर. हातात चिठ्ठ्यांचं पुडकं, कानावर पेन्सिल. माय म्हणे, "आजूक बोहनी नाई झाली गा, चिठ्ठी कायची फाडतं?" तो म्हणे, "मावशी, हा जागेचा पैसा हाये, मालाचा नाई." माय कनवटीचं नाणं काढून द्यायची आणि लगेच बाजूच्या डबक्याकडं बोट दाखवायची, "चिठ्ठी फाडली ना? मंग हे पाणी काहाडा अदुगर." पुढं मी जिल्ह्यातल्याच एका नगरपालिकेत कारकून झालो, आधी जकात नाक्यावर आणि मग कर विभागात. पालिकेच्या पैशाबद्दल जे काही कळलं, त्याचं मूळ मायच्या त्या दोन वाक्यांत होतं.

जागेचा पैसा ही काही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे. जुन्या पेठांत शेटे-महाजन असत. पेठ वसवायची, व्यापारी आणून बसवायचे, वजनमापं सांभाळायची आणि त्याबद्दल विकायला आलेल्या मालातून मूठ-पसा हक्क घ्यायचा, असं ते वतन. वरच्या सरकारचा वाटा वेगळा. वऱ्हाडात तर ही सरकारंही दोन होती. वसुलीचा एक वाटा निजामाचा आणि दुसरा नागपूरकर भोसल्यांचा, म्हणून या प्रांताला 'दोअमली' म्हणत. 1803 च्या देवगावच्या तहात भोसल्यांचा हक्क गेला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, तेही फौजेच्या खर्चापोटी. म्हणजे इथल्या वसुलीवर पोसायची होती पलटण. गावची नाली, दिवाबत्ती सरकारच्या हिशेबात फार मागाहून आली.

तेव्हा आमचं गाव एलिचपूर तालुक्यात होतं. एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर. 1905 पर्यंत तो स्वतंत्र जिल्हाच होता. कापसाला भाव आला, तसं वऱ्हाडातल्या बाजारगावांचं मोल सरकारला कळलं. 1886 मध्ये कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला आणि 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस-धान्य बाजारांसाठी खास कायदा आला. या बाजारांच्या कमिट्यांवर व्यापारी आणि म्युनिसिपालिटीची माणसं बसत. कापसाची बंडी हाकत आणणारा कास्तकार बाहेर, झाडाखाली. बाजारावर म्युनिसिपालिटी चालावी हे सरकारला सोयीचं होतं. बाजार ज्याच्या मालावर चालतो त्याला मात्र तिथं खुर्ची नव्हती.

1922 चा मध्यप्रांताचा म्युनिसिपालिटी कायदा पुढं वऱ्हाडालाही लागू झाला. करांची त्यातली यादी वाचली की जुन्या बाजाराचं चित्रच दिसतं. घरांवर कर, गाड्या-जनावरांवर कर, पाणी, झाडझूड, दिवाबत्ती, गावात येणाऱ्या मालावर जकात आणि विकायला माल मांडणाऱ्याकडून बाजार-पट्टी. मायची चिठ्ठी ती हीच. मोकाट ढोरांचा कोंडवाडा आणि गुरांच्या बाजारातली दाखल्याची फी, ही चिल्लर त्यात पडायची.

1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. तेव्हा राज्यात नगरपालिकांचे वेगवेगळे कायदे नांदत होते : मुंबईकडचे, हैदराबादचा आणि आमचा मध्यप्रांत-वऱ्हाडचा. 1965 च्या कायद्याने, जो 1967 पासून अमलात आला, त्या सगळ्यांचा एक केला. लोकसंख्येवरून अ, ब, क वर्ग पाडले. आमच्यासारखी गावं 'क' मध्ये. नगराध्यक्ष आणि नगरसेवक गावचे, मुख्याधिकारी सरकारचा. ठराव सभागृहाचा, धनादेशावर सही मुख्याधिकाऱ्याची. ही जोडी नीट चालली तर गाव चालतं, हे मी नोकरीभर पाहिलं.

आणि या गाड्याची धुरी होती जकात. नाका म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. रस्त्यावर आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला दगड बांधलेला. बाजूला टिनाची खोली, आत दरपत्रक, पावतीबुक आणि पोत्यात खुपसायची परखी. ट्रक थांबला की बिल्टी बघायची, पोती मोजायची, शंका आली तर परखी मारायची. माल गावात उतरणार असेल तर पावती. नुसता गावातून पुढं जाणार असेल तर वेळ टाकून पास द्यायचा. पलीकडच्या नाक्यावर तो वेळेत जमा झाला पाहिजे. चुकवणारे रात्री पांदणीने जात. रांगा लागत, कुरबुर होई, व्यापाऱ्यांच्या शिव्या आम्ही रोज खाल्ल्या, आणि त्यातल्या काही रास्तही होत्या. पण रोज संध्याकाळी रोकड मोजली की दिवसाचा हिशेब समोर असे. कापूस चांगला पिकला की पेटी जड, दुष्काळ पडला की हलकी. गावाची नाडी त्या पेटीत लागायची.

1 मे 1999 पासून राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. आदल्या रात्री मी नाक्यावरच होतो. शेवटची पावती किराणा मालाची फाडली. सकाळी बांबू उभा करून ठेवला, तो पुन्हा आडवा झाला नाही. आम्हाला कर, पाणीपुरवठा, आरोग्य अशा खात्यांत वाटून टाकलं. जकातीच्या बदल्यात सरकारचं सहायक अनुदान येऊ लागलं आणि पगार त्यावर अवलंबून राहिले. जकात गेली याचं व्यापाऱ्यांइतकंच समाधान मलाही आहे. रस्त्यात गाडी अडवून कर घेणं ही काही चांगली पद्धत नव्हती. पण त्या दिवसापासून गावाच्या पैशाची वाट उलटी झाली, हेही तितकंच खरं. आधी तो गावातून उठायचा. आता मुंबईहून, दिल्लीहून येतो. रस्ते नगरोत्थानातून, वस्तीतली कामं दलित वस्ती सुधार योजनेतून, बाकी वित्त आयोगातून.

बैठकी जागेवर होती, जकात मालावर, घरपट्टी घरावर. अनुदान येतं ते मुख्यतः माणसं मोजून आणि वर पाठपुरावा करून. त्यामुळं नगरसेवकाचं काम बदललं. पूर्वी तो बाजारात फिरायचा, आता प्रस्तावाची फाईल घेऊन फिरतो. घरपट्टी वाढवायचं नाव कोणी काढत नाही. चार वर्षांनी फेरआकारणी करावी असं कायदा म्हणतो. ती निघाली की निवडणूक आठवते आणि फाईल कपाटात जाते. मी स्वतः अशा फाईली कपाटात ठेवल्या आहेत, हेही कबूल करतो. आणि जो घरपट्टी थकवतो, तोच नालीसाठी सर्वांत मोठ्यानं ओरडतो असा कर विभागातल्या कोणाचाही अनुभव आहे. पण त्याच्या ओरडण्यात मायची धार नसते. तिच्या हातात चिठ्ठी होती.

1993 मध्ये 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली, बायकांना आधी तिसरा हिस्सा आणि 2011 पासून निम्म्या जागा मिळाल्या. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतला हा सर्वांत मोठा बदल. बाजारात बसणाऱ्या बाईला सभागृहात खुर्ची मिळू शकते, हे 1897 च्या कमिटीवाल्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. पण खुर्ची दिली आणि पेटी वर नेली तर ती बाई करणार काय? कारभार गावाचा हवा असेल, तर थोडा तरी पैसा गावाच्या खिशातून, गावाच्या देखत यायला हवा. थोडा का होईना, पण दिसेल असा.

म्हणून वाचकांना एकच सांगणं. यंदा घरपट्टीचं मागणीबिल आलं की नुसती खालची बेरीज पाहू नका, ओळ न् ओळ वाचा. त्यातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिकेचा नाही. ती तो सरकारसाठी गोळा करते. उरलेला तुमच्या गावाचा आहे, तो भरा आणि पावती जपून ठेवा. फेब्रुवारीअखेर अंदाजपत्रकाची सभा असते. ती लोकांना खुली असते. पावती खिशात घालून तिथं जाऊन बसा.