महाविद्यालयीन खेळाडूंची आकडेवारी : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन

प्रास्ताविक

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना ताम्रपट, शिलालेख, बखरी, शासकीय कागदपत्रे, वृत्तपत्रे आणि अलीकडच्या काळात मौखिक साधने यांचा उल्लेख आपण आवर्जून करतो. मैदानाच्या कडेला टेबलावर बसून गुणलेखकाने भरलेला कागद मात्र या यादीत क्वचितच आढळतो. सामना संपला, निकाल जाहीर झाला की त्या कागदाचे काम संपले, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक पाहता कोणत्या खेळाडूचे नाव पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचते आणि कोणाचे पोहोचत नाही, हे पुष्कळदा त्या कागदाच्या पुढील प्रवासावर ठरते. प्रस्तुत लेखात महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक आकडेवारीचा एक ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे. आकडा स्वयंसिद्ध नसतो. तो मोजणाऱ्या संस्थेच्या नियमांतून घडतो आणि जेथे मोजणारी संस्थाच नाही तेथे कर्तृत्व असूनही इतिहास उरत नाही, ही या लेखाची मांडणी आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता राहिलेला नाही.

अमेरिकेतील एक उदाहरण

महाविद्यालयीन खेळाडूंच्या आकडेवारीची सर्वांत विस्तृत परंपरा अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये आढळते. हा खेळ आपल्याकडील फुटबॉल नव्हे; त्यात चेंडू हातात घेऊन धावता येते, आणि खेळाडूने अशा रीतीने किती यार्ड अंतर काटले याची प्रत्येक वेळी नोंद होते. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९३७ पासून अधिकृत आकडेवारी संकलित करण्यास प्रारंभ केला. परिणामी एखाद्या विद्यापीठाचे सर्वोत्तम धावक कोण, एका हंगामात, एका सामन्यात व संपूर्ण कारकिर्दीत कोणी किती अंतर काटले, यांची कोष्टके आज उपलब्ध आहेत. त्यापूर्वीच्या काळातील नोंदी मात्र तुटक असल्याने जुने खेळाडू या कोष्टकांत अपवादानेच दिसतात.

तथापि ही कोष्टके वाचताना साधनचिकित्सेची नितांत गरज भासते. १९७२ पूर्वी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. म्हणजे जुन्या खेळाडूची कारकीर्द तीन वर्षांची, तर नव्याची चार वर्षांची. हंगामातील सामन्यांची संख्याही टप्प्याटप्प्याने वाढत गेली. सर्वांत मनोरंजक बाब म्हणजे हंगामाच्या अखेरीस निवडक संघांमध्ये होणाऱ्या 'बोल' सामन्यांतील कामगिरी २००२ पर्यंत अधिकृत आकडेवारीत धरलीच जात नसे. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या बॅरी सँडर्स याने १९८८ च्या हंगामात ११ सामन्यांत २,६२८ यार्ड धाव काढली. त्यानंतरच्या बोल सामन्यातील त्याचे २२२ यार्ड या बेरजेत नाहीत. ते धरल्यास संख्या २,८५० होते.

या नियमबदलाचा परिणाम २०१६ मध्ये उघडपणे दिसला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रॉन डेन याने १९९६ ते १९९९ या चार हंगामांत ६,३९७ यार्डांचा विक्रम केला होता. सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्री याने ६,४०५ यार्डांसह तो मोडला, अशी अधिकृत नोंद झाली. परंतु पम्फ्रीच्या बेरजेत बोल सामने समाविष्ट होते, डेनच्या बेरजेत नव्हते. डेनचे बोल सामने मिळवले तर त्याची संख्या ७,१२५ होते. दोघांनीही प्रामाणिकपणे खेळ केला, गुणलेखकांनीही अचूक नोंद केली. तरीही विक्रम कोणाच्या नावावर हे मैदानाबाहेर झालेल्या एका निर्णयाने ठरवले. नियम बदलताना तो पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावा किंवा नाही, हा प्रश्न आपणा प्राध्यापकांना सेवाज्येष्ठतेच्या निमित्ताने चांगलाच परिचित आहे!

महाराष्ट्रातील अनुभव : प्रा. देवधर

अशाच स्वरूपाची चिकित्सा महाराष्ट्रातील एका प्राध्यापकाच्या आकडेवारीला लावून पाहता येते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी झाला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर ८१ सामने, ४,५२२ धावा आणि ३९.३२ ची सरासरी नोंदलेली आहे. आजच्या फलंदाजांच्या तुलनेत हे आकडे कोणाला फारसे दिपवणार नाहीत. परंतु ते आकडे कोणत्या काळातील आहेत, हे पाहिले म्हणजे चित्र पालटते.

देवधर १९११ च्या सुमारास प्रथम श्रेणी क्रिकेट खेळू लागले. त्या काळी हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन अशा संघांमध्ये होणारे मोजके सामने वगळता वरच्या दर्जाचे क्रिकेट उपलब्धच नव्हते. १९२६ मध्ये गिलिगन यांच्या नेतृत्वाखालील एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा केल्या. भारताला कसोटी दर्जा मिळून पहिला सामना १९३२ मध्ये झाला तेव्हा ते चाळिशीत होते. कसोटीच्या रकान्यात त्यांचे नाव कधीच आले नाही. रणजी करंडक स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली त्या वेळी त्यांचे वय ४२ वर्षांचे होते. अन्य खेळाडू ज्या वयात निवृत्त होतात त्या वयात देवधरांचा रणजीतील रकाना उघडला. त्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोन वेळा विजेतेपद मिळवले, त्यांनी स्वतः १९४०-४१ च्या हंगामात २४६ धावांची खेळी केली आणि १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकावली.

म्हणजेच देवधरांची सरासरी ही मुख्यतः एका प्रौढ प्राध्यापकाची सरासरी आहे. विशी-तिशीतील देवधर महाविद्यालयीन, क्लब आणि जिमखाना सामन्यांत जे खेळले त्याला प्रथम श्रेणीचा दर्जा नसल्याने ते आकड्यांत उतरलेले नाही. त्यांच्या आकडेवारीचे मूल्यमापन करताना ही रिकामी जागा लक्षात घेतली जात नाही, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे.

आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या बाबतीतही अशीच निवड दिसते. रोहिंटन बारिया करंडकासाठीची आंतरविद्यापीठ स्पर्धा १९३५-३६ पासून खेळली जाते. मुंबई विद्यापीठाकडून अजित वाडेकर यांनी काढलेल्या ३२४ आणि सुनील गावसकर यांनी काढलेल्या ३२७ धावा आजही सांगितल्या जातात. त्या स्मरणात राहण्याचे एक कारण खेळीची थोरवी हे आहेच. परंतु पुढे हे दोघे भारताचे कर्णधार झाले, हे दुसरे आणि कदाचित अधिक प्रभावी कारण होय. त्याच स्पर्धेत खेळून नंतर बँकेत, शाळेत किंवा शेतीत रमलेल्या खेळाडूंच्या धावा शोधू गेल्यास स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या फाइलींखेरीज आधार सापडणे कठीण आहे. महाविद्यालयीन कामगिरी स्वतःच्या बळावर टिकत नाही. पुढील कीर्ती तिला मागाहून उजळवते.

नोंद झालेला आकडाही अनेकदा योगायोगावर अवलंबून असतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. संघाची धावसंख्या ४ बाद ८२६ होती. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक विक्रम मोडण्यास केवळ १० धावा हव्या होत्या. मात्र काठियावाडचे कर्णधार असलेल्या राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. प्रतिस्पर्धी निघून गेल्यावर विक्रम कोणाविरुद्ध करायचा? निंबाळकरांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही, आणि कसोटी न खेळलेल्या फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या अशा काहीशा विषण्ण रकान्यात त्यांची ही खेळी नोंदली गेली.

आकड्यांच्या अचूकतेविषयीही एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेज या विद्यालयात १८९९ मध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने अंतर्गत सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. हा आकडा वीस धावांनी इकडेतिकडे असू शकेल, असे खुद्द गुणलेखकानेच सांगितले होते. तरीही कल्याण येथे जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडे याने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा करीपर्यंत, म्हणजे एकशे सोळाहून अधिक वर्षे, तो ६२८ याच रूपात अधिकृत राहिला. एकदा छापला गेला की आकड्याविषयीची शंका गळून पडते.

देशी खेळ आणि गुणपत्रक

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आकडेवारीची ही हौस पाश्चात्त्य खेळांची आहे. आपल्या देशी खेळांचा तो स्वभाव नाही. हा आक्षेप टिकणारा नाही. खो-खोच्या गुणपत्रकात प्रत्येक संरक्षक किती मिनिटे व किती सेकंद टिकला याची स्वतंत्र नोंद असते आणि आक्रमकाने टिपलेले गडीही त्याच्या नावावर मांडले जातात. मराठी वृत्तपत्रांतील खो-खोच्या बातम्या वाचणाऱ्यांना कंसातील ते मिनिटांचे आकडे परिचित आहेत. कबड्डीच्या गुणपत्रकातही चढाई आणि पकडी यांचे गुण क्रमाने नोंदले जातात. मोजण्याची परंपरा आपल्याकडे आहे, उणीव आहे ती बेरजेची. एका सामन्याचा कागद दुसऱ्या सामन्याच्या कागदाशेजारी ठेवून कारकिर्दीचे कोष्टक तयार करणे, हे काम कोणाचेच नसते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेलेला आणि १९९० पासून आशियाई क्रीडा स्पर्धांत असलेला कबड्डीचा खेळ. परंतु खेळाडूच्या कारकिर्दीतील चढाईचे एकूण गुण सामान्य प्रेक्षकाला ज्ञात होऊ लागले ते २०१४ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाल्यावर. त्यापूर्वीच्या नामवंत चढाईपटूंच्या गुणांची बेरीज आज करता येत नाही.

मराठवाड्यातील महाविद्यालये

मराठवाड्याच्या बाबतीत या अडचणीत प्रशासकीय इतिहासाची भर पडते. औरंगाबाद येथे १९२३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे इंटरमीजिएट महाविद्यालय सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० मध्ये स्थापन झाले, तेव्हाही हा भाग हैदराबाद राज्यातच होता. त्याच हैदराबादेतून, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आणि काही काळ शाळेत अध्यापन करणारे सय्यद अब्दुल रहीम हे पुढे भारतीय फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ ची आशियाई सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवले. आपल्या भागातील महाविद्यालयीन फुटबॉल या हैदराबादी परंपरेच्या परिघात होता, ही बाब आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले. परिणामतः नांदेडच्या एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या क्रीडाविषयक कागदपत्रांचा माग तीन विद्यापीठांच्या दप्तरांत काढावा लागतो.

महाविद्यालयाच्या स्वतःच्या दप्तरात काय असते? एका महाविद्यालयाच्या जिमखाना विभागातील जुन्या नोंदवह्या पाहण्याची संधी प्रस्तुत अभ्यासकास मिळाली. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये कोणत्या वर्षी किती फुटबॉल खरेदी केले, त्यांची किंमत काय आणि ते केव्हा निर्लेखित केले, याच्या सह्यानिशी नोंदी होत्या. प्रवासभत्त्याची बिले होती, गणवेशाची मापे होती. त्या फुटबॉलने गोल किती झाले आणि ते कोणी केले, याची एकही नोंद नव्हती. लेखापरीक्षणात चेंडूचा हिशोब द्यावा लागतो, गोलाचा द्यावा लागत नाही, हे त्याचे साधे कारण आहे. नॅकच्या पाचव्या निकषातही पदकांची आणि स्पर्धांची संख्या विचारली जाते. त्यामुळे उपांत्य फेरीत हरलेल्या संघातील उत्कृष्ट खेळाडू कोणत्याच रकान्यात बसत नाही.

याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयान्वये शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण लागू केले आणि २०१६ मध्ये त्याचे निकष सुधारित केले. या आरक्षणाचा लाभ घेताना प्रमाणपत्राची पडताळणी होते. मध्यंतरी राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर ही पडताळणी अधिक काटेकोर झाली, आणि ते योग्यच आहे. परंतु पडताळणी म्हणजे मूळ दप्तराशी मिळवून पाहणे. मूळ गुणपत्रकच शिल्लक नसेल तर जो खरोखर खेळला तो आणि जो खेळलाच नाही तो, या दोघांच्याही हाती शेवटी एकेक शिक्का मारलेला कागदच उरतो.

वर उल्लेखिलेल्या डेडस्टॉक रजिस्टरच्या पानांत घडी घालून ठेवलेले खो-खोचे एक गुणपत्रक आढळले. बहुधा खूण म्हणून ते तेथे ठेवले गेले असावे. त्यात एका संरक्षकाची वेळ पेन्सिलीने लिहिली होती, दोन मिनिटे चाळीस सेकंद, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. गुणलेखकालाही ती कामगिरी विशेष वाटली असावी. नावाचा रकाना मात्र भरलेला नव्हता. केवळ छातीवरचा क्रमांक होता, सात. त्या वर्षीच्या संघाची यादी त्या कपाटात मिळाली नाही.