कर्नलचा फेरफार कुठे बघायचा?

शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बसून करा की लोणारच्या घरून, हा प्रयोग तुम्हाला जमेल. लिनक्स कर्नलचं गिट-भांडार उतरवून घ्या आणि त्यातल्या आयपीएमआय ड्रायव्हरच्या मुख्य फाईलवर ‘गिट ब्लेम’ चालवा. पुष्कळ जुन्या ओळींसमोर एकच नाव दिसेल: लायनस टोरवाल्ड्स, १६ एप्रिल २००५. मग प्रबंधात लिहायचं का, की हा ड्रायव्हर टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिला?

थांबा. त्याच फाईलच्या माथ्यावर २००२ साल आहे, मोंटाव्हिस्टा कंपनी आणि कोरी मिनयार्ड ही नावं आहेत. घोळ असा, की कर्नलचं गिटच २००५ मध्ये सुरू झालं. त्या दिवशी होता तेवढा सगळा कोड टोरवाल्ड्स यांनी एका फटक्यात आत टाकला, मागचा इतिहास सोडून. सातबाऱ्यावर आजचं नाव दिसतं. जमीन कुणाकडून आली हे कळायला फेरफार काढावा लागतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. इथला फेरफार म्हणजे २००२ ते २००५ चं बिटकीपरमधलं काम. ते टॉमस ग्लाइक्सनर यांनी वेगळ्या गिट-भांडारात आणून ठेवलंय.

आता हा ड्रायव्हर करतो काय? सर्व्हरच्या बोर्डावर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो, बीएमसी. (मुंबईची महापालिका नव्हे.) मुख्य मशीन बंद असलं तरी हा जागा असतो, तापमान, पंखे, वीज बघतो, लांबून मशीन चालू-बंद करतो. मुख्य मशीनचं फर्मवेअर आणि कर्नल याच्याशी कसं बोलणार, याचे नियम इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये ठरवले. ते म्हणजे आयपीएमआय.

त्यातली एक पद्धत मला फार आवडते: केसीएस, म्हणजे ‘कीबोर्ड कंट्रोलर स्टाईल’. नावच सांगतं की जुन्या पीसीतल्या कीबोर्डच्या चिपची रीत उचलली आहे. एक रजिस्टर डेटाचं, एक स्थितीचं. एक बाइट ठेवायचा, समोरच्याने उचलला का बघायचं, मग पुढचा. हळू आहे, पण साधं आहे. लाखो रुपयांच्या सर्व्हरमध्ये ही कीबोर्डची बोली अजून चालते!

२००२ चा ड्रायव्हर या संवादाचं फक्त एक टोक होता, मुख्य मशीनकडचं. दुसऱ्या टोकाला, बीएमसीत, बहुतेक वेळा कंपन्यांचं बंद सॉफ्टवेअर असायचं. पुढे ओपनबीएमसीसारख्या प्रकल्पांमुळे बीएमसीतच लिनक्स चालू लागलं, तेव्हा तिकडचे ड्रायव्हरही कर्नलमध्ये आले. माथ्यावरच्या नोंदी बघा: ‘बीटी’ पद्धतीच्या फाईलवर आयबीएम, २०१५-२०१६; केसीएसच्या फाईलवर इंटेल, २०१५-२०१८. दोन्ही टोकं आता एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी आहेत.

या नव्या टोकाचा कर्नलमधला इतिहास गिटमध्ये पहिल्या ओळीपासून सापडतो. त्याआधीच्या बंद सॉफ्टवेअरचा मात्र ना सातबारा, ना फेरफार. त्या काळाबद्दल लिहायचं तर कंपन्यांची छापील माहितीपत्रकं आणि आयपीएमआयच्या नियमपुस्तकाच्या आवृत्त्या, यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.